शेंदराखालची डोण

मित्रांनो, आधी काढलेल्या चपला पायात घाला आणि जोडलेले हात सोडा. मी देव नाही. मी एक जुनी दगडी डोण आहे. डोण म्हणजे गुराढोरांना पाणी पिण्यासाठी दगडात कोरलेलं लांबट भांडं. एवढंच माझं काम आणि तेवढंच मला येतं. पण आज माझ्या तोंडाला शेंदूर आहे, पोटात मुरूम भरलेला आहे आणि नारळाचं पाणी वाळून अंग सगळं चिकट झालं आहे. येणारेजाणारे मला म्हसोबा म्हणतात. नगरहून पाथर्डीकडे जाणारा हा रस्ता आता चांगला रुंद आणि डांबरी झाला आहे, पण माझ्यापाशी आला की तो अंग चोरतो. कडेचं गटार तर सरळ येता येता इथे कोपरासारखं वळतं. ते वळण कसं पडलं आणि त्यापायी एका आईचं काय झालं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म जवळच्याच खाणीतला. छगन नावाच्या पाथरवटाने मला निवडलं, तेव्हा आधी हातोडीने वाजवून पाहिलं. दगडात चीर असली की आवाज बद्द येतो. माझा खणखणीत आला. मग त्याने टाकी लावली. पोट कोरलं, तळ घोटला आणि बैलाच्या गळ्याला टोचू नये म्हणून माझी कड गोल केली. सगळं झाल्यावर त्याला काय हौस आली कोण जाणे, दर्शनी बाजूला त्याने एका बैलाचं तोंड कोरलं. मोठे डोळे, आखूड शिंगं. मला ते फार आवडायचं. तेच पुढे माझ्या मुळावर येईल असं वाटलं नव्हतं.

मला घडवून घेतलं केशरबाईंनी. त्या मूळच्या तिसगावकडच्या. नवरा लवकर गेला, तेव्हा एकुलत्या एका मुलाला घेऊन त्या नगरच्या वेशीबाहेर येऊन राहिल्या. रस्त्याला लागून त्यांचं छोटं घर होतं आणि घरामागे गोड्या पाण्याचा आड. मुलाचं नाव आसाराम. त्याच्याकडे बैलगाडी होती. हंगामात तो साखर कारखान्यावर ऊस वाहायला जाई आणि एरवी शहरात दगड, विटा, पोती वाही.

एका उन्हाळ्यात तो कारखान्यावरून घरी परत येत होता. बैल दिवसभर तहानलेले होते. वाटेत कुठे पाणी मिळालं नव्हतं. आमच्या इथे रस्ता उताराने खाली ओढ्याकडे जातो आणि त्या वर्षी ओढ्याच्या डबक्यात थोडं पाणी होतं. बैलांना त्याचा वास लागला आणि ते उधळले. आसारामने कासरे ओढले, हाका मारल्या, पण तहानेपुढे कोण कोणाचं ऐकतं? गाडी उलटली. आसाराम गाडीखाली सापडला आणि घर हाकेच्या अंतरावर असताना जागच्या जागी गेला. एका बैलाचा पाय मोडला, तो वाचला नाही. दुसरा हौश्या. तो तरणाबांड बैल धन्याजवळ मान खाली घालून उभा राहिला.

लोक म्हणाले, बैल अपशकुनी आहे, विकून टाका. केशरबाई म्हणाल्या, "त्येचा काय गुन्हा? मुक्या जिवाला तहान लागली हुती. पानी दिसलं अन् पळाला."

त्यांनी हातातले चांदीचे गोठ मोडले आणि मला घडवून घेतलं. आसाराम जिथे पडला होता, नेमकं तिथेच मला मांडलं. या वाटेवर पुन्हा कोणाचा बैल तहानेने उधळू नये, एवढीच त्या माउलीची इच्छा होती.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. सकाळी आणि दुपार कलली की केशरबाई आडावरून घागरी आणून मला काठोकाठ भरत. दिवाळी झाली की पाथर्डीकडून ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांची रांग लागे. गाडीत बिऱ्हाड, कोंबड्या, लहान मुलं. बैल माझ्यापाशी आपोआप थांबत. त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, पाणी ओढतानाचा घुटघुट आवाज, नाकातून सुटणारा गरम वाफारा अजून माझ्या आठवणीत आहे. धनगरांची मेंढरं येत, टांग्याची घोडी येत. बैलांच्या गळ्यांनी घासून घासून माझी कड आरशासारखी गुळगुळीत झाली. तो माझा दागिना होता.

आणि या जागेला नाव पडलं, आसारामची डोण. "आसारामच्या डोणीपाशी उतरा," असं एसटीचे कंडक्टर म्हणत. "आसारामच्या डोणीवर बैलं पाजू अन् मग जेवू," असं गाडीवाले म्हणत. त्यांच्यातल्या कित्येकांनी आसारामला पाहिलंही नव्हतं. केशरबाई दारात धान्य निवडत बसत. ते नाव कानावर आलं की त्यांचा हात सुपात थांबे. जगात आपल्या मुलाचं नाव कोणीतरी रोज घेतं आहे, यावर ती बाई जगत होती.

मग शहर वाढू लागलं. वरच्या अंगाला नवी घरं झाली, वसाहती झाल्या. त्यांचं सांडपाणी रस्त्यावरून वाहत खाली येऊ लागलं. ट्रक आणि एसट्या वाढल्या आणि बैलगाड्यांशी त्यांची रोजची बाचाबाची सुरू झाली. तेव्हा ठरलं की रस्ता दोन्ही अंगांनी रुंद करायचा आणि कडेने दगडी गटार बांधून सगळं पाणी सरळ ओढ्यात सोडायचं.

एकाहत्तर साली मोजणीची माणसं आली. लोखंडी साखळी, लाल झेंड्या, तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण. त्यांचे ओव्हरसियर होते राधाकृष्ण नावाचे, सडपातळ आणि मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी चुन्याची पांढरी रेघ ओढायला लावली. ती शेजारच्या कारभारींच्या ओट्याच्या मधून निघाली आणि थेट माझ्या पोटावरून गेली.

राधाकृष्ण केशरबाईंच्या दारात येऊन म्हणाले, "मावशी, गटार इथूनच न्यावं लागेल. पाण्याला वळण दिलं की तिथे गाळ बसतो आणि मग पाणी भलतीकडेच घुसतं. पण तुमची डोण मी फोडणार नाही. माझी माणसं ती अलगद उचलतील आणि तुमच्या आडाजवळ मांडून देतील. तुम्हाला पाणी भरायलाही जवळ पडेल."

केशरबाई उंबरा ओलांडून माझ्यापाशी आल्या. मग म्हणाल्या, "सायेब, पानी काय, कुठंबी भरता यील. पन माझा आसाराम हितं पडला. त्येचं डोस्कं हितं हुतं. त्ये कसं उचलून नेऊ?"

राधाकृष्णांनी माणसांना साखळी गुंडाळायला सांगितली. विचार करा, मी पुन्हा येतो, असं सांगून ते निघून गेले.

आता कारभारींविषयी सांगते. हा माणूस वाईट नव्हता. अडीनडीला धावून येणारा होता. पण त्यांचा जीव होता आपल्या ओट्यावर. संध्याकाळी तिथे बसून सगळ्या जगाच्या चौकशा करायच्या, हे त्यांचं सुख. चुन्याची रेघ ओट्यावरून गेल्यापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गटार माझ्यापाशी अडलं, तर त्यांचा ओटाही वाचणार होता. ते केशरबाईंना म्हणाले, "आक्का, सरकारी मानूस ग्वाड बोलतो अन् पहारीनं फोडतो. येकदा उचलली की तुझी डोण खडीत जाईल. माझं आईक. सरकार मानसाला भेत न्हाई, पन देवाला भेतं. हिच्यावर बैलाचं त्वांड हायच की. जरासा शेंदूर लावू अन् म्हसोबा म्हनू."

"अन् बैलांनी पानी कुठं प्यायचं?"

"पितील की हितंच! रस्ता झाला की शेंदूर खरडून टाकू. चार दिसाचा देव, आक्का."

"खोटा देव केल्याचं पाप लागंल, कारभारी."

"पाप माझ्या डोस्क्यावर."

केशरबाईंना ते पटलं नव्हतं. पण मला हलवायच्या कल्पनेने त्यांचा धीर सुटला होता आणि बुडणाऱ्याला काडीचा आधार. एका दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसताना कारभारींनी तेलात कालवलेला शेंदूर माझ्या तोंडाला फासला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं तुम्ही ऐकलं असेल. मी घाव सोसले होते ते डोण होण्यासाठी. देवपण माझ्यावर वाटीभर शेंदरात येऊन पडलं.

थोड्याच दिवसांनी राधाकृष्ण आपल्या वरच्या साहेबांना घेऊन आले. तोवर कारभारींनी हलगीवाला बोलावला होता, आरती सुरू होती आणि आजूबाजूची बरीच माणसं जमली होती. वरच्या साहेबांनी गर्दी पाहिली, बूट काढले आणि मला नमस्कार केला. राधाकृष्णांनी मात्र केशरबाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मावशी, ही तुमच्या मुलाची डोण ना? तुम्ही खरं सांगा. मी अजूनही तिला नीट उचलून ठेवतो."

केशरबाईंनी माझ्या कडेवर हात ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "देव हाय सायेब. पयल्यापास्नं देवच हाय."

"वाद नको," वरचे साहेब म्हणाले. "गटार वळवून घ्या." राधाकृष्णांनी तिथेच नकाशावरची सरळ रेघ खोडली. मला वाचवल्याच्या आनंदात लोकांनी नारळ फोडला. केशरबाईंनी आपल्या तोंडाने आपल्या मुलाचं नाव नाकारलं होतं, पण ते तेव्हा ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

पहिले काही दिवस त्या पूर्वीसारखंच पाणी भरत आणि बैल पीत. पण देव इथे पहिल्यापासूनच होता, आपल्यालाच ओळखता आला नाही, असं लोक म्हणू लागले आणि एकदा शेजारच्या साळूबाई ओरडल्या, "अगं बया, देवाच्या पुढ्यातलं पानी जनावरानं उष्टं केलं!" तेव्हापासून कोणी ना कोणी बैलांना हुसकावू लागलं. खरं सांगायची सोय नव्हती, कारण रस्त्याचं काम अजून सुरू व्हायचं होतं आणि शेंदूर गेला असता तर मीही गेले असते. पुढे कोणी निशाण आणलं. ते उभं करण्यासाठी माझ्या पोटात मुरूम भरला आणि पाण्याने दाबून घट्ट केला. त्या दिवशी मला जे वाटलं, ते तुम्हाला कोणत्या शब्दांत सांगू? बैलाच्या तोंडाला मुसकं बांधल्यावर जसं होत असेल तसं मला झालं.

त्यातच कारभारींची मुलगी पुष्पावती तापाने फणफणली. त्यांच्या बायकोने मला नवस बोलला आणि औषध लागू पडलं की काय, मुलगी उठून बसली. गटाराची खोदाई वळणावरून पुढे गेली, तेव्हा केशरबाई कारभारींना म्हणाल्या, "आता खरड बाबा त्यो शेंदूर. तू शब्द दिल्ता."

कारभारी दोन पावलं मागे सरले. "आक्का, आता माझा हात धजत न्हाई गं. माझी पोर ह्येच्यामुळं उठली."

मित्रांनो, ज्याने स्वतःच्या हाताने मला शेंदूर फासला तोच मला भिऊ लागला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात ना, तसं झालं.

मग तो बहात्तरचा दुष्काळ आला. ओढा कोरडा ठणठणीत पडला, आडाचा तळ दिसू लागला. रुंदीकरण आता दुष्काळी काम म्हणून जोरात सुरू झालं. बायका-माणसं उन्हात बसून खडी फोडू लागली आणि त्यांत केशरबाईही होत्या. ज्या रस्त्याने त्यांचं सुख नेलं, त्याच रस्त्यासाठी त्या दिवसभर घण मारत. पाऊस पडावा म्हणून बायका मला नवस बोलत आणि कुठून कुठून आणलेली घागरभर पाण्याची धार माझ्या डोक्यावर सोडत. पाणी शेंदरावरून ओघळून धुळीत जिरायचं. त्याच वेळी रस्त्याने गुरांच्या चारा-छावणीकडे निघालेली, हाडं वर आलेली गुरं माना वळवून ते पाणी पाहत असायची. मी दगड असूनही मला ते बघवत नव्हतं. दगडाला पाझर फुटतो म्हणतात. माझं नशीब असं की तो फुटला तरी मुरुमातच जिरला असता.

केशरबाईंच्या गोठ्यातला हौश्या आता म्हातारा झाला होता. चारा संपला, तेव्हा त्यालाही छावणीत न्यायची वेळ आली. पाण्याची तीच गत. आड पाझरून तळाला जेमतेम तांब्याभर पाणी साचे. त्या सकाळी केशरबाई त्याला दाव्याने धरून निघाल्या आणि हौश्या माझ्यापाशी येऊन थांबला. आयुष्यभर तो इथेच पाणी प्यायला होता. त्याने आपली मान माझ्या कडेवर, त्या गुळगुळीत झालेल्या जागी टेकवली आणि पाणी शोधत जीभ आत घातली. जिभेला कोरडा मुरूम लागला. तो चाटून पाहत राहिला. मग त्याने माझ्या अंगावरचा ओला शेंदूर चाटला, कारण त्यावर नुकतीच कोणीतरी घागर ओतली होती.

"हाड! हाड! देवाला लाळ लागली!" साळूबाईंनी काठी उगारली.

केशरबाईंनी ती काठी हवेतच धरली. "ह्यो देव न्हाई गं साळू. ही माझ्या आसारामची डोण हाय. ह्येच्यासाठीच केली हुती मी. पिऊ दे त्येला!"

साळूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आक्का, तूच तर सायबाला सांगितलं हुतंस, पयल्यापास्नं देव हाय म्हनून. उन्हानं तुझं डोस्कं फिरलंय. घरला जा."

केशरबाईंनी हौश्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, पदराने त्याच्या ओठांवरचा शेंदूर पुसला आणि त्याच्या कपाळावर कपाळ टेकून त्या ढसाढसा रडल्या. आसाराम गेला तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. हौश्या छावणीतून परत आला नाही.

त्यानंतर त्या राधाकृष्णांकडे गेल्या. ते पलीकडेच खडीच्या ढिगापाशी उभे होते. "सायेब, मी खोटं बोलले. आता उचला ती डोण. कुठंबी न्या, पन पोट मोकळं करा तिचं."

राधाकृष्णांनी डोक्यावरची हॅट काढली. "मावशी, तेव्हा तुमच्या एका शब्दावर मी ती उचलली असती. आज मी हात लावला तर लोक मला दगड मारतील. गटारही बांधून झालं." त्यांचा चेहरा उतरला होता.

पुढच्या वर्षी पाऊस आला आणि सगळ्यांनी मला नारळ वाहिले. वरच्या वसाहतींचं पाणी नव्या गटारातून धावत खाली आलं. वळणावर आधीच गाळ, पानं, हार आणि नारळाच्या शेंड्या साचल्या होत्या. पाणी तिथे तुंबलं, गटाराबाहेर फुटलं आणि उताराने सरळ केशरबाईंच्या घरात शिरलं. तिथून मागच्या आडात गेलं. कारभारी गुडघाभर घाणीत उतरून दोन्ही हातांनी शेंड्या उपसत होते आणि रडत होते. पण पाणी ऐकतं थोडंच! दुष्काळातही पाझरणारा तो गोडा आड शहराच्या सांडपाण्याने नासला. पुढे तो बुजवावा लागला.

मग केशरबाईंना इथे ठेवणारं काही उरलं नाही. त्या तिसगावला भावाकडे राहायला निघाल्या. एसटीची वाट पाहत त्या माझ्याजवळ उभ्या होत्या. गाडी आली, कंडक्टरने दाराशी येऊन आवाज दिला, "चला, म्हसोबाचं वळण! कुनी हाय का?" केशरबाई क्षणभर हलल्याच नाहीत. त्या दुसऱ्याच नावाची वाट बघत होत्या. मग त्यांनी माझ्या कडेच्या गुळगुळीत जागेवरून हात फिरवला, नमस्कार केला नाही, आणि गाडीत चढल्या.

मित्रांनो, मी लोकांच्या श्रद्धेला नावं ठेवत नाही. पण जी वस्तू ज्या कामासाठी केली, ते काम तिच्याकडून काढून घेऊन नुसते हात जोडणं म्हणजे तिची काळजी घेणं नव्हे. पाण्याची वाट सरळ राहू द्यावी, आणि बोलणंही. तुम्ही रोज शाळेत जाताना इथे थांबता, डोळे मिटून पास होऊ दे असं मागता. मी काही देऊ शकत नाही. उलट मलाच तुमच्याकडे मागायचं आहे. मोठे व्हाल तेव्हा माझा शेंदूर खरडा. पोटातला मुरूम काढा. मला उचलून दुसरीकडे ठेवायचं असलं तरी ठेवा, मी तक्रार करणार नाही. फक्त पाणी भरा आणि एखादा तहानलेला बैल आला तर त्याच्यावर काठी उगारू नका.

आणि तुमच्यापैकी कोणी तिसगावला जाणार असेल, तर तिथे केशरबाईंचं घर विचारा. त्यांना सांगा की आसारामच्या डोणीवर बैल पाणी पितात. पण खोटं नका सांगू. ते त्यांनी एकदा सांगून पाहिलं आहे. आधी पाणी भरा, मग जा.